पॅनेलमागे कोंडणारी उष्णता: घरी बांधलेल्या विमानात एव्हिऑनिक्स पुन्हा पुन्हा का तापते

एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानाच्या पॅनेलमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणे, तापल्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच ठरावीक क्रमाने येते. विमान भर दुपारी रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागी, तासभर उभे असते. इंजिन सुरू होते, टॅक्सी करत (जमिनीवरून चालत) धावपट्टीच्या टोकाशी पोचून रांगेत थांबावे लागते आणि तेवढ्यात मुख्य स्क्रीन आपोआप मंद होते. कधी ती स्पर्शाला उशिरा दाद देते, कधी आपले बोलणे टॉवरला क्षीण ऐकू जाते, कधी ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) तापमानाचा इशारा देतो. उड्डाण करून ५,००० फुटांवर गेले की थोड्या वेळात सगळे सुरळीत होते, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. पुढच्या कडक उन्हाच्या दिवशी पुन्हा तेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पंखा बसवणे. तक्रार थोडी कमी होते, पण जात नाही. मग दुसरा पंखा येतो आणि त्याच्याबरोबर हेडसेटमध्ये गुणगुण सुरू होते. बहुतेक पॅनेलांमध्ये मूळ उणीव पंख्याची नसते. गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते, आणि उपकरणांपेक्षा जास्त उष्णता ऊन व फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) मिळून आत ढकलत असतात. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत छताचा पंखा कितीही जोरात फिरवला तरी खोली गार होत नाही, तसाच हा प्रकार.

पुढचे विवेचन डोळ्यांसमोर व्हॅन्स कंपनीच्या किटमधून बांधलेले आरव्ही-७ किंवा आरव्ही-९ ठेवून केले आहे: दोन माणसे शेजारी शेजारी, वर पारदर्शक कॅनॉपी, पुढे लायकमिंग इंजिन, १४ व्होल्टची वीज. झेनिथ, सोनेक्स किंवा इतर किटांनाही तत्त्व तेच लागू पडते. ज्या कारखान्यात बनलेल्या विमानांना प्रकार-प्रमाणपत्र आहे त्यांना मात्र हे तसेच लावू नका. तिथे छिद्र पाडण्याआधी मंजुरी लागते.

आधी खात्री करा की दोष उष्णतेचाच आहे

तापल्यावर बिघडते म्हणजे उष्णतेनेच बिघडते असे नाही. तीन गोष्टी हुबेहूब तसेच सोंग घेतात.

पहिली, व्होल्टेज. सैल क्रिम्प किंवा गंजलेला ग्राउंड थंड असताना चालून जातो, गरम झाला की त्याचा रोध वाढतो. मल्टिमीटरचे टोक थेट युनिटच्या कनेक्टरवर, वीज आणि ग्राउंड या दोन पिनांवर लावा. बसबारवरचे (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचे; हीच पुढची 'बस') व्होल्टेज आणि इथले व्होल्टेज यांत पूर्ण भार असताना ०.३ व्होल्टपर्यंत फरक चालतो. ०.५ व्होल्टच्या वर गेला तर आधी तो जोड दुरुस्त करा. कॉम, म्हणजे बोलण्याच्या, रेडिओची ही तपासणी प्रसारणाचे बटण दाबूनच करायला हवी, कारण नुसते ऐकताना तो अर्धा-पाऊण अँपिअर खातो आणि बोलताना काही अँपिअर. अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती आतच जिरवणारा रोध) लावा, म्हणजे कोणाची फ्रिक्वेन्सी अडवली जाणार नाही.

दुसरी, अँटेना. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारे गुणोत्तर) २ च्या आत असावा. तो ३ झाला की प्रसारित केलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा परत फिरतो आणि रेडिओच्या शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर तापवतो. अशा रेडिओवर कितीही हवा मारली तरी तो तापतच राहतो. दोष पोटाखालच्या अँटेनाच्या बुडाशी, रंग न खरवडता बसवलेल्या ग्राउंडमध्ये किंवा नीट न दाबलेल्या बीएनसी जोडात असतो. दाबून बसलेले प्रसारणाचे बटणही हेच करते. अनेक रेडिओ अर्ध्या मिनिटाच्या आसपास प्रसारण स्वतः तोडतात, म्हणून ते चटकन लक्षात येत नाही.

तिसरी, कंपने. ओळखायची खूण सोपी आहे. उष्णतेचा दोष वीज दिल्यापासून साधारण ठरावीक वेळाने येतो, वीज बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबले की जातो आणि इंजिनच्या फेऱ्या बदलल्या तरी बदलत नाही. फेऱ्या मिनिटाला २,१०० वरून २,४०० केल्यावर जो दोष येतो-जातो तो कनेक्टरमध्ये शोधा. आणि जी तक्रार थंड सकाळीही येते तिच्यासाठी हा लेख नाही.

मोजल्याशिवाय छिद्र पाडू नका

पाच ठिकाणचे तापमान एकाच वेळी नोंदवायचे आहे:

१. सर्वात जास्त तक्रार करणाऱ्या युनिटच्या मागे, वरच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटरवरची हवा.
२. त्याच युनिटचे अंग, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांच्या मुळाशी.
३. ग्लेअरशिल्डची खालची बाजू, म्हणजे पॅनेलच्या माथ्यापासून पुढच्या काचेपर्यंत पसरलेल्या काळ्या छपराचा तळ.
४. फायरवॉलची केबिनकडची बाजू, मधोमध.
५. वैमानिकाच्या गुडघ्याजवळची हवा. हा तुलनेचा पाया.

के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि किमान पाच वाहिन्यांचा नोंदक असेल तर उत्तम. नसेल तर डीएस१८बी२० हे स्वस्त सेन्सर एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडूनही काम भागते. ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत मोजतात. इन्फ्रारेड बंदूक वापरत असाल तर एक सावधगिरी: चकचकीत ॲल्युमिनिअमवर ती खूपच कमी आकडा दाखवते. जिथे नेम धरायचा तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावरच मोजा. तापमान ओलांडल्यावर कायमचे काळे पडणारे स्टिकरही कामाचे आहेत, पण ते सर्वोच्च तापमान सांगतात, वेळ सांगत नाहीत. इथे वेळच जास्त महत्त्वाची आहे. बऱ्याच ईएफआयएस (उड्डाणाची माहिती दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) स्क्रीनच्या देखभाल पानावर अंतर्गत तापमान दिसते. तेही टिपून ठेवा, मात्र ते आतल्या चिपजवळचे असते, भोवतालच्या हवेचे नव्हे.

चाचणी दुपारी करा. कॅनॉपी बंद ठेवून विमान तासभर उन्हात, मग इंजिन सुरू करून पंधरा मिनिटे जमिनीवर, त्यानंतर उड्डाण आणि वीस मिनिटे सरळ क्रूझ, उतरल्यावर इंजिन बंद करून आणखी वीस मिनिटे. मोजमापे कोणी सोबती घेईल अशी सोय करा. वैमानिकाने उड्डाणात आकडे टिपत बसू नये.

आता आकडे वाचायचे ते असे. ठिकाण १ आणि ५ यांत १५ अंशांहून जास्त फरक असेल तर पॅनेलमागची हवा कोंडली आहे. जमिनीवर ग्लेअरशिल्डचा तळ युनिटच्या अंगापेक्षा गरम असेल तर उष्णता सूर्याची आहे. क्रूझमध्ये फायरवॉल युनिटपेक्षा गरम असेल तर ती इंजिनाकडून येते आहे. आणि फरक १० अंशांच्या आत असूनही युनिट तक्रार करत असेल तर केबिनच तापली आहे, किंवा त्या युनिटच्या आतला पंखा बंद पडला आहे.

किती तापमान चालेल याचे अंतिम उत्तर त्या युनिटच्या बसवणी पुस्तिकेत असते. अंदाज म्हणून हे लक्षात ठेवा: विमान उपकरणांच्या डीओ-१६० मानकात ए१ या वर्गाला सतत चालण्यासाठी ५५ अंश आणि थोड्या वेळासाठी ७० अंश ही मर्यादा आहे. प्रायोगिक विमानांसाठी विकली जाणारी सगळी उपकरणे या मानकाने तपासलेली असतातच असे नाही. म्हणून युनिटभोवतीची हवा ५० अंशांच्या आत ठेवणे हे लक्ष्य धरा. मर्यादेत चालते म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, त्यामुळे ५५ ऐवजी ४५ अंशांवर ठेवलेले युनिट कित्येक वर्षे जास्त साथ देते.

उष्णता येते कुठून

पॅनेलमधली उपकरणे किती वॉट खातात ते ॲमीटर सांगतो. दिवे, पिटो हीटर, इंधन पंप बंद ठेवून फक्त एव्हिऑनिक्स चालू करा. ७ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ९८ वॉट. अँटेनातून निघून जाणारी थोडी शक्ती आणि स्क्रीनचा प्रकाश सोडला तर जवळपास सगळ्याची उष्णताच होते. दोन मोठ्या स्क्रीन, कॉम, ट्रान्सपॉन्डर आणि ऑडिओ पॅनेल असलेल्या विमानात १०० वॉटच्या आसपास आकडा येणे स्वाभाविक आहे.

आता उन्हाचा हिशेब करा. ग्लेअरशिल्ड १ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल धरले तर क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला १,००० वॉटच्या जवळपास असते. कॅनॉपीतून जाताना काही कमी होते, काळे कापड त्यातले बहुतेक शोषते. म्हणजे ३०० वॉटच्या आसपास उष्णता त्या छपरात शिरते. त्यातला मोठा भाग वरच्या हवेत आणि काचेकडे परत जातो हे खरे, तरी उरलेला खाली उतरतो, तो थेट युनिटांच्या डोक्यावर. उपकरणे बंद असतानाही हे चालूच असते. म्हणून इंजिन सुरू करण्याच्या क्षणी स्क्रीन आधीच ५५-६० अंशांवर असू शकते. फिनिक्सला जुलैत किंवा अकोला-नागपुरात मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४० च्या वर जाते, तिथे बंद कॅनॉपीखाली काय होत असेल ते सांगायला नको.

जमिनीवर तक्रार जास्त आणि वर कमी का, याचे कारणही इथेच आहे. प्रमाण वातावरणात दर १,००० फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरते. ८,००० फुटांवर हवा १६ अंशांनी गार असते. मात्र तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७९ टक्के इतकीच असते आणि विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते. खाली तक्रार नाही आणि १२,००० फुटांवर आहे, असे पॅनेल दिसले तर ते याच विरळपणामुळे. तिथे हवेचा ओघ वाढवण्याला खरोखर अर्थ आहे.

ऊन अडवणे: सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक

कॅनॉपीवर बाहेरून टाकायचे फिक्या रंगाचे आच्छादन हा पहिला उपाय. आतून लावायचे चकचकीत पडदे तेवढे उपयोगी नाहीत, कारण ऊन आत आल्यावर ते परतवायचा प्रयत्न करतात. शिवाय ते ॲक्रिलिकला टेकले तर तिथली काच तापून तिला बारीक तडे जाण्याचा धोका असतो.

दुसरा उपाय ग्लेअरशिल्डच्या खालच्या बाजूला. तिथे ॲल्युमिनिअमचा मुलामा असलेले, आग न पकडणारे पातळ इन्सुलेशन चिकटवा, चकचकीत बाजू खाली ठेवून. चकचकीत पृष्ठभाग उष्णता फारच कमी विकिरित करतो, त्यामुळे खाली उतरणारा ओघ लक्षणीय घटतो. खाली किमान १५ मिलिमीटर हवेची पोकळी राहू द्या. कडा टेपने बंद करा, कारण लोंबकळणारा फॉइल कनेक्टरवर पडला तर शॉर्ट होतो. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: जीपीएसचा अँटेना ग्लेअरशिल्डखाली बसवला असेल तर फॉइल त्याचे आकाश झाकून टाकते. तेवढा भाग, अँटेनाभोवती १५-२० सेंटिमीटर सैल ठेवून, कापून काढा. नंतर उपग्रहांची संख्या आणि सिग्नल पूर्वीइतके आहेत का ते बघा.

वरून मात्र पांढरा रंग देऊ नका. पुढच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडते आणि उतरताना समोरचे दिसत नाही. गर्द करडे, चमक नसलेले कापड हीच मर्यादा.

हवेला बाहेरची वाट

हा या दुरुस्तीचा गाभा आहे. आरव्हीमध्ये पॅनेल, त्याच्या पुढचे सबपॅनेल आणि वरचे पत्र्याचे आवरण मिळून जो कप्पा होतो तो खालून उघडा आणि वरून बंद असतो. गरम हवा वर जाते आणि तिथेच साठते. खालून कितीही गार हवा फुंका, वरचा थर हलत नाही.

वरचे बाहेर पडायचे तोंड कप्प्याच्या सर्वात उंच जागी हवे. ही जागा विमानाप्रमाणे बदलते. पुढचे चाक असलेल्या आरव्ही-७ए मध्ये ती पॅनेलच्या माथ्याजवळ येते. मागचे चाक असलेल्या आरव्ही-७ मध्ये जमिनीवर नाक वर असते, त्यामुळे गरम हवा पुढे, काचेच्या बुडाशी साठते. आणि तक्रार तर जमिनीवरचीच आहे. विमान चाकांवर जसे उभे राहते तसे उभे करून, स्पिरिट लेव्हल धरून जागा ठरवा. हँगरमध्ये शेपूट उचलून ठेवलेल्या विमानावर ठरवलेली जागा चुकीची निघते.

काचेच्या बुडाशी ८० मिलिमीटरचे दोन पंखे वर फुंकणारे बसवण्याची पद्धत आरव्ही बांधणाऱ्यांमध्ये रुळली आहे, आणि ती योग्यच आहे. पॅनेलमागची गरम हवा ओढून ते काचेवर सोडतात. उन्हाळ्यात उपकरणे गार राहतात, पावसाळी सकाळी काचेवरचे धुके जाते. टिप-अप, म्हणजे पुढच्या बिजागरीवर वर उचलली जाणारी, कॅनॉपी असेल तर तो भाग कॅनॉपीबरोबर उचलला जातो की नाही ते आधी पाहा. उचलला जात असेल तर तारेला पुरेसा झोल आणि वेगळा होणारा कनेक्टर द्या. टिप-अपमध्ये पुढच्या सांध्यातून पाणी झिरपण्याची तक्रार वेगळीच असते, म्हणून पंख्याच्या छिद्राला ५-६ मिलिमीटर उंच कड ठेवा आणि बरोबर खाली कोणतेही कनेक्टर येऊ देऊ नका.

ओघ किती हवा, याचे सूत्र सोपे आहे. समुद्रसपाटीला दर मिनिटाचे घनफूट म्हणजे १.७६ गुणिले वॉट भागिले हवेची चालणारी तापमानवाढ सेल्सिअसमध्ये. १०० वॉट आणि १० अंश वाढ धरली तर १७.६ घनफूट, म्हणजे मिनिटाला अर्धा घनमीटर. ८,००० फुटांवर त्याच कामाला २२ घनफूट लागतात. ८० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर ३० घनफूट लिहिलेले असते, पण ते मोकळ्या हवेतले. जाळी, तारांचे जुडगे आणि अरुंद फटी यांतून प्रत्यक्षात निम्मेच धरावे. म्हणून एक पंखा काठावर आणि दोन पंखे निवांत. तिसऱ्याची गरज भासली तर पंखे मोजण्याऐवजी फटी मोजा.

आत येणाऱ्या हवेची वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा लहान नको. ८० मिलिमीटरच्या पंख्याचे मधले बोंड वजा केले तर मोकळे क्षेत्र ४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. १२ मिलिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर लांब फट तेवढीच होते. बारीक जाळी लावली तर तिच्या तारा एक तृतीयांश तरी जागा खातात, तेवढी फट वाढवा. पॅनेलच्या खालच्या कडेला नकाशे, चार्जरच्या वायरी, इन्सुलेशनचा सुटलेला पडदा असे काही अडवत नाही ना, हेही बघा. वाट अडण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे युनिटच्या मागच्या छिद्रांवर घट्ट बांधलेला तारांचा जुडगा. झिप-टाय कापून जुडगा ३ सेंटिमीटर खाली सरकवला आणि तक्रार संपली, असे खूपदा घडते.

एकावर एक बसवलेल्या युनिटांमध्ये ६ मिलिमीटर तरी फट ठेवा. स्टॅकमध्ये जास्त तापणारे युनिट वर ठेवा, म्हणजे त्याची उष्णता दुसऱ्याच्या पोटात जाणार नाही. काही नेव्हिगेटर (मार्ग दाखवणारी उपकरणे) स्वतःच्या पंख्याने समोरच्या चौकटीतल्या बारीक फटींतून हवा ओढतात. टॅब्लेटचा धारक त्या फटींसमोर येऊ देऊ नका आणि दरवर्षी त्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा.

पंखा, त्याची वीज आणि त्याचा गोंगाट

बॉल बेअरिंगचाच पंखा घ्या. स्लीव्ह बेअरिंगमधले तेल उष्णतेने वाळते, आणि पंखा आडवा बसवल्यावर ते लवकर घडते. संगणकाचा पंखा १२ व्होल्टचा, फार तर १३.८ पर्यंत सहन करणारा असतो. विमानाची बस १४ ते १४.४ व्होल्टवर चालते. वरची मर्यादा १५ व्होल्टच्या पुढे असलेला पंखा शोधा, नाहीतर त्याच्या वाटेत १एन४००१ जातीचे दोन डायोड मालिकेत घाला. दोघांत मिळून १.४ व्होल्ट पडतात आणि पंख्याला १३ च्या आत व्होल्टेज मिळते. वेग कमी-जास्त करणारे पीडब्ल्यूएम नियंत्रक टाळा, तो हमखास गोंगाटाचा उगम ठरतो. तापमान वाढल्यावर पंखा सुरू करणारी थर्मोस्टॅट चकतीही मला पटत नाही. ती बिघडली तर कळत नाही, आणि जेव्हा गरज असते तेव्हाच ती नसते. एव्हिऑनिक्स सुरू झाले की पंखा सुरू, एवढे सरळ ठेवावे.

जोडणी: एव्हिऑनिक्स बसवरून १ अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर, २२ गेजची टेफझेल तार, वीज आणि ग्राउंड एकमेकींभोवती पिळलेल्या, ग्राउंड थेट मुख्य ग्राउंड ब्लॉकवर. ऑडिओ पॅनेलच्या ग्राउंडला पंखा कधीही जोडू नका. ब्रेकर हाताने ओढता येणारा हवा, कारण अडकलेला पंखा जळका वास देऊ लागला तर तो लगेच तोडता आला पाहिजे. पात्यांवर दोन्ही बाजूंनी तारेची जाळी लावा. खाली लोंबणारी एखादी तार पात्यात गेली की पंखा थांबतो आणि तारेचे आवरणही सोलते.

गोंगाटाची तपासणी इंजिन बंद ठेवून करा. स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडा, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ फिरत जा, पंखा चालू-बंद करत ऐका. आवाज येत असेल तर पंख्याला विमानाच्या विजेपासून सोडवून वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर तो तारेतून येत होता: पंख्याजवळ १०० मायक्रोहेन्रीचा चोक मालिकेत आणि त्याच्या बसकडच्या बाजूला ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर ग्राउंडला. आवाज तसाच राहिला तर तो हवेतून येतो: तिथे फिल्टरचा उपयोग नाही. पंखा अँटेनाच्या केबलपासून दूर न्या, तारेवर फेराइटचे कडे चढवा किंवा पंखा बदला. बदलणे बहुधा सर्वात स्वस्त पडते.

पंख्यात चुंबक असतो. चुंबकीय होकायंत्रापासून तो किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा आणि बसवल्यानंतर होकायंत्र पुन्हा फिरवून तपासा, पंखा चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा. विचलन बदलले असेल तर नवे कार्ड लिहा.

बाहेरची हवा आत घेण्याचा मोह

नाका डक्टला (विमानाच्या अंगात खोलगट बसवलेल्या हवा घेण्याच्या तोंडाला) २५ मिलिमीटरची लवचिक नळी जोडून ती थेट रेडिओच्या मागे सोडायची, ही जुनी पद्धत. जमिनीवर विमान उभे असताना त्यातून काहीच येत नाही, म्हणजे मूळ तक्रार तशीच राहते. पावसात मात्र त्यातून पाणी येते आणि कनेक्टरमध्ये जाते. पश्चिम किनाऱ्यावरच्या किंवा फ्लोरिडाच्या दमट हवेत नुसत्या आर्द्रतेनेही पिना हिरव्या पडतात. उंचीवरच्या तक्रारीसाठी ही नळी हवीच असेल तर ती आधी वर चढवून मग खाली आणा, सर्वात खालच्या जागी ३ मिलिमीटरचे निचऱ्याचे छिद्र ठेवा आणि तोंड युनिटच्या पंखांकडे वळवा, कनेक्टरांकडे नको.

फायरवॉलला थंडाव्यासाठी छिद्र पाडायचे नाही. इंजिनकडची हवा आत आली की तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि आग लागली तर ज्वाळा. यात कोणतीही सवलत नाही.

फायरवॉलकडून येणारी उष्णता

ठिकाण ४ चा आकडा क्रूझमध्ये ६० अंशांच्या वर गेला तर पॅनेलमागे काहीही करण्याआधी काउल (इंजिनवरचे आवरण) उघडा. एक्झॉस्टमधला वायू ७०० ते ८०० अंशांचा असतो आणि नळी फायरवॉलजवळून जाते तिथे पत्रा थेट विकिरणाने तापतो. नळीवरच स्टेनलेस पत्र्याची ढाल क्लॅम्पने बसवा, नळी आणि ढाल यांत ६ ते १० मिलिमीटर पोकळी ठेवून. फायरवॉलवर इंजिनच्या बाजूने सिरॅमिक फायबर आणि त्यावर स्टेनलेस फॉइल लावता येते. केबिनच्या बाजूने फोम चिकटवणे चुकीचे: पत्रा लाल झाला की तोच फोम आत धूर सोडतो.

हीटरचा झडप-डबा वेगळा तपासा. हीटर बंद असताना त्याच्या केबिनकडच्या तोंडाशी तापमान मोजा. गुडघ्याजवळच्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त असेल तर झडप पुरी बसत नाही. केबलची लांबी जुळवा, बसण्याच्या कडेला उच्च तापमानाचे सिलिकॉन लावा. झडपेतून उष्णता गळते तिथून वायूही गळू शकतो, म्हणून त्याच उड्डाणात कार्बन मोनॉक्साइडचा मापक बरोबर घ्या. अमेरिकेच्या प्रमाणपत्र नियमांतली मर्यादा २०,००० भागांत १ भाग, म्हणजे ५० पीपीएम. त्याहून बराच कमी आकडा दिसला तरी गळती शोधा.

बॅकअप बॅटरी

ईएफआयएसची लिथियम-आयन बॅकअप बॅटरी सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत दुर्लक्षित. तिचे चार्जिंग सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या वर होऊ नये. तरी ती बहुतेकदा सबपॅनेलवर, फायरवॉलच्या तोंडासमोर बसवलेली असते. इंजिन बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी फायरवॉलजवळचे तापमान सर्वोच्च होते, आणि त्याच वेळी इंधन भरून पुन्हा मास्टर स्विच चालू केला की गरम बॅटरी चार्ज होऊ लागते. तिला शक्यतो सीटखाली किंवा मागे हलवा. तार लांबवताना निर्मात्याने दिलेली जाडी पाळा.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि तीच दुपारची चाचणी पुन्हा घ्या. आच्छादन, फॉइल, जुडगा सरकवणे, बाहेरचे तोंड, पंखा, याच क्रमाने. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात काही बिघडले तर शोध शून्यापासून सुरू होतो. बाहेरचे तापमान रोज सारखे नसते, म्हणून नुसते तापमान न पाहता ठिकाण १ वजा ठिकाण ५ हा फरक दोन्ही दिवसांचा ताडून बघा. तो १० अंशांच्या आत आला की पंख्याचे काम झाले.

तोपर्यंत रोजच्या वापरात: इंजिन सुरू होईपर्यंत कॅनॉपी उघडी, विमानाचे नाक वाऱ्याकडे, एव्हिऑनिक्स इंजिन सुरू झाल्यावरच, टॅक्सीत स्क्रीनची चमक दिसण्यापुरती, दुसरी स्क्रीन लागेपर्यंत बंद. आयपॅड ग्लेअरशिल्डवर ठेवू नका. त्याची चालण्याची मर्यादा भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच आहे आणि ती ओलांडली की तो ऐन वेळी बंद पडतो. उन्हाने स्क्रीनवर काळसर डाग पडले तर घाबरू नका, द्रवस्फटिक गार झाल्यावर बहुधा पूर्ववत होतात. मात्र गरम स्क्रीनवर गोठवणारा स्प्रे मारू नका, काच तडकते.

वार्षिक तपासणीच्या यादीत चार ओळी वाढवा: पंखा हाताने फिरवून बेअरिंगचा खरखराट ऐकणे, जाळी ब्रशने साफ करणे, तोंडावर टिश्यूचा तुकडा धरून ओघाची दिशा बघणे, ब्रेकर ओढून पंखा थांबतो याची खात्री करणे. बदलाची नोंद विमानाच्या लॉगबुकात करा: पंख्याचा नमुना, व्होल्टेज, प्रवाह, ब्रेकरची जागा आणि होकायंत्र तपासल्याची तारीख. इतके करूनही फरक १० अंशांच्या आत असताना एकच युनिट तक्रार करत राहिले तर आणखी हवा देऊ नका. ते काढा, नोंदवलेल्या आकड्यांचा तक्ता सोबत जोडा आणि निर्मात्याकडे दुरुस्तीला पाठवा.